कळंक आणि कांती

तांब्यापितळेच्या भांड्यांशी मराठी घराचा संबंध इतका जुना आहे की, त्या संबंधातून आपल्या भाषेला एक स्वतंत्र क्रियापदच मिळाले आहे. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली म्हणजे ती 'कळकते', आणि घरातील वडीलधारी बाई चव न पाहताच ती ओतून देते. पातेल्याच्या काठाशी जी हिरवट निळसर पुटे दिसतात, त्यांना आपण कळंक म्हणतो. जंगाल असाही एक जुना शब्द त्यांच्यासाठी आहे. माणसाच्या चारित्र्यावरील डागालाही आपण हाच शब्द, थोड्या अधिक संस्कृत उच्चाराने, लावतो. देवघरातील ताम्हण आणि पळीपंचपात्र चिंचेने व राखेने घासून लख्ख करावे, त्यांवर काळा वा हिरवा ठिपका राहू देऊ नये, ही आपली शिस्त. चांगले तांबे म्हणजे नुकतेच घासलेले तांबे, अशी समजूत आपल्या मनात या शिस्तीने पक्की केली आहे.

परंतु तांब्याचे दागिने हाताने घडविणारा कारागीर याच कळंकाला निमंत्रण देऊन बोलावतो. कर्णफुलाच्या एका पाकळीवर त्याला मोरपिशी हिरवा हवा असतो, कड्याच्या खळग्यांत काजळासारखा काळा हवा असतो, पदकाच्या मध्यावर मावळतीच्या आभाळासारखा जांभळा हवा असतो. यांपैकी एकही रंग त्याला डबीतून काढून फासावयाचा नसतो. ते सर्व त्याला तांब्याकडूनच काढून घ्यावयाचे असतात. स्वयंपाकघरात जो दोष ठरतो, तोच अलंकारावर शोभा कसा ठरतो? आणि शोभा म्हणून बोलावलेला हा पाहुणा घरच पोखरू लागणार नाही, याची काळजी कशी घ्यावयाची? आजच्या भाषणात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

तांब्याचा अलंकार ही काही नवी हौस नव्हे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेच्या काठी नेवासे येथे उत्खनन केले. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हे गाव ज्ञानेश्वरीमुळे सर्वपरिचित आहे. पण त्याच्या मातीखाली तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. तेथे पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि त्या मण्यांच्या आत ते ओवलेल्या धाग्याचे अवशेष टिकून राहिले होते. आपल्या हवामानात धागा इतका काळ टिकत नाही. तो कुजविणारे सूक्ष्म जीव तांब्याच्या क्षारांपुढे हतबल होतात, आणि म्हणूनच तांब्याला लागून असलेला धागा मागे उरतो. ज्या कळंकाने ते मणी हिरवे केले, त्यानेच एका अनाम आईबापांनी ओवलेली माळ आपल्यापर्यंत पोचविली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता दागिना घडतो कसा, ते पाहू. सोनाराच्या दुकानातील पुष्कळशी हत्यारे येथेही लागतात: ऐरण, निरनिराळ्या तोंडांच्या हातोड्या, लाकडी मोगरी, कातर, कानस, चिमटे आणि सांडशी. पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा पत्रा कडे किंवा पदक यांना पुरतो. पत्रा कापून ठोकावयास घेतला की, प्रारंभी तो मऊपणाने वळतो. पण जसजसे घाव पडतात, तसतसा तो ताठर होत जातो. धातूच्या अंतरंगातील कणांची रचना घावांनी गुंतत जाते, आणि मग तांबे पुढे सरकत नाही. अशा वेळी नवखा माणूस जोर वाढवितो आणि पत्रा चिरतो. जाणता माणूस हात थांबवितो आणि पत्रा विस्तवावर धरतो. अंधाऱ्या जागी मंद लाली दिसेपर्यंत तापविला की, तांबे पुन्हा मेणासारखे नरम होते. हे काम सावलीत करतात, कारण उन्हात ती लाली दिसत नाही आणि पत्रा गरजेपेक्षा अधिक तापतो. पोलाद असे तापवून पाण्यात बुडविले तर कठीण होते. तांबे मात्र पाण्यात बुडविले तरी नरमच राहते. ठोकणे, तापविणे, विझविणे, पुन्हा ठोकणे, अशी ही आवर्तने एका कड्यासाठी अनेकदा करावी लागतात.

पुण्याच्या तांबट आळीतून गेलेल्यांना हातोडीचा तो लयबद्ध नाद आठवत असेल. पेशवाईच्या काळापासून तेथे वसलेल्या तांबटांनी बंब, घंगाळी, हंडे, कळश्या यांवर जे ठोक्यांचे काम केले, त्याला मठारकाम म्हणतात. एकाशेजारी एक, एकाच वजनाने पडलेले हजारो घाव भांड्याला ताठपणा देतात, आणि प्रत्येक घावाचा उथळ खळगा प्रकाश वेगळा परतवितो. दागिन्यावरील मठाराचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पुढे रंग चढविला की तो खळग्यांत खोल बसतो आणि उंचवट्यांवरून सहज पुसता येतो. अशा रीतीने हातोडीने जे लिहिले, ते रंगाने वाचता येते.

जोड देणे हा या कामातील अवघड भाग. चांदीची झाळ टाकणखार लावून वितळविली की सांधा पक्का होतो. पण तांबड्या तांब्यावर ती पांढरी रेघ डोळ्यांत भरते, आणि रंग चढविताना तर अधिकच, कारण झाळ आणि तांबे एकच रंग घेत नाहीत. म्हणून काही कारागीर झाळ टाळून तांब्याच्याच बारीक खिळ्या ठोकून तुकडे जोडतात. काहीजण सांधा मागील बाजूस लपवितात. आणखी एक युक्ती आहे. ज्या सौम्य आम्लात तांबे पुष्कळदा स्वच्छ केले आहे, त्यात तांबे विरघळलेले असते. दागिना त्यात ठेवून त्याला लोखंडाच्या तारेचा स्पर्श केला, तर विरघळलेले तांबे झाळीवर येऊन बसते आणि पांढरी रेघ तांबूस होते. इतर वेळी मात्र याच कारणासाठी आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालू नये, असा कारखान्यातील दंडक असतो.

घडण पुरी झाली की स्वच्छता. विस्तवाने आलेली काळी पुटे तुरटीच्या कढत पाण्यात किंवा लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात सुटतात. नंतर बारीक काचकागदाने घासावे, साबणाने धुवावे, आणि त्यापुढे पृष्ठभागाला उघडे बोट लावू नये. बोटावरील तेलाचा अंश डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला तो बरोबर दिसतो. तेवढ्या ठिकाणी रंग चढत नाही आणि दागिन्यावर अंगठ्याचा ठसा कायम राहतो. रंग बिघडल्याच्या तक्रारींपैकी पुष्कळांचे मूळ औषधात नसते, धुण्यात असते.

तांब्याला रंग कोठून येतो? सोने हवेशी फारसे बोलत नाही. तांबे मात्र सतत बोलत असते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की प्रथम तांबूस तपकिरी आणि अधिक उष्णतेत काळी पुटे येतात. गंधकाशी गाठ पडली की ते काळवंडते. ओलावा आणि कर्बवायू, शहरातील हवेतले गंधकाचे अंश किंवा समुद्राकाठचे मीठ यांच्या सहवासात ते वर्षानुवर्षांनी हिरवे होते. न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ साली उभारलेली स्वातंत्र्यदेवता सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याची आहे. आरंभी ती नव्या पैशासारखी तांबूस होती. विसाव्या शतकाची पहिली दोन दशके संपेतो ती हिरवी झाली. शताब्दीच्या निमित्ताने १९८६ साली तिची दुरुस्ती पुरी झाली, तेव्हा गंजून निकामी झालेल्या आतील लोखंडी पट्ट्या बदलाव्या लागल्या. वरची हिरवी कांती मात्र तशीच राखली, कारण तीच खालच्या तांब्याचे रक्षण करीत होती. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि नवे लोखंड उघडे करतो; तांब्याचा चांगला कळंक घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूला पांघरूण होतो. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले म्हणजे लोखंड अधिक वेगाने झिजते, हाही धडा तेथेच मिळतो. म्हणून तांब्याच्या दागिन्याला लोखंडी आकडा लावू नये.

निसर्ग ज्याला वर्षे लावतो, ते कारागीर मिनिटांत किंवा दिवसांत घडवितो. त्याचे मार्ग मुख्यतः तीन.

पहिला मार्ग विस्तवाचा. स्वच्छ तांबे मंद ज्वाळेवर हळूहळू फिरविले की त्यावर नारिंगी, गुलाबी, जांभळा, निळा असे रंग एकामागून एक धावू लागतात. हे रंग द्रव्याचे नसतात. साबणाच्या फुग्यावर जसे रंग खेळतात, तसे ते प्रकाशाचे असतात. तांब्यावर तयार झालेले पुट मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके किंवा त्याहूनही पातळ असते, आणि त्याची जाडी केसभरही न म्हणता येईल इतकी बदलली तरी रंग बदलतो. म्हणून हवा तो रंग येण्याच्या किंचित आधीच ज्वाळा दूर करावयाची, कारण धातूतील उष्णता आपले काम पुढे चालूच ठेवते.

दुसरा मार्ग गंधकाचा. गंधक आणि पोटॅश एकत्र तापवून केलेले पिवळसर तपकिरी द्रव्य रसायनांच्या दुकानात मिळते. ते कोमट पाण्यात अगदी विरळ करून त्यात दागिना क्षणभर बुडवावा आणि लगेच थंड पाण्यात धुवावा. प्रथम सोनेरी छटा येते, मग गुलाबी, जांभळी, निळसर, आणि शेवटी करडा व काळा. द्रावण दाट असले तर मधल्या साऱ्या छटा पळभरात निसटून जातात आणि हाती केवळ काळा उरतो. ज्यांच्या घरी अंडे चालते, त्यांच्यासाठी याहून सोपा प्रयोग आहे. कडक उकडलेले अंडे गरम असतानाच कुस्करून झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि त्याला न लागेल असा दागिना त्याच डब्यात टांगावा. अंड्यातून निघणारा गंधकयुक्त वायू थोड्या वेळाने तांब्याला पिवळसर तपकिरी आणि पुढे गडद करतो. यात घाई नाही; झाकण उघडून पाहत राहावे आणि मनासारखे झाले की थांबावे.

तिसरा मार्ग हिरव्या-निळ्याचा, आणि तो सर्वांत लहरी. मिठाचे पाणी शिंपडलेला दागिना बंद डब्यात टांगावा आणि तळाशी वाटीत अमोनिया ठेवावा. काही तासांत निळा उमलू लागतो. अथवा लाकडाचा भुसा शिरक्याने व मिठाने ओला करून त्यात दागिना पुरावा. हिरवा येतो आणि भुशाचे कण जेथे टेकले, तेथे ठिपक्यांची नक्षी उठते. एकदाच जाड थर आणण्याचा लोभ धरला तर तो वाळल्यावर खडूसारखा गळून पडतो. पातळ थर, मग पूर्ण वाळविणे, मग पुन्हा पातळ थर, हीच रीत.

येथेच दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे. पाहुणा घर पोखरतो तो कधी? तांब्याच्या खोल खळग्यांत मीठ अडकून राहिले तर दमट हवेत ते तांब्याला गुपचूप खात राहते. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा वर येते आणि तिच्याखाली खड्डे पडतात. वस्तुसंग्रहालयातील जुन्या काशाच्या मूर्तींचे जतन करणारे याला रोगच म्हणतात. म्हणून मिठाने रंग आणलेला दागिना स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा धुवून संपूर्ण सुकविणे अटळ आहे. घट्ट, स्थिर असते ती कांती. सुटणारी आणि परत येणारी भुकटी असते तो कळंक. डोळ्यांनी हा फरक कळला नाही, तर पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे.

काही सावधगिरी माणसासाठीही हवी. गंधकाच्या द्रावणात आम्ल कधीही पडू देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. अमोनिया कपडे शुभ्र करण्याच्या ब्लीचिंगच्या द्रावणाजवळही नेऊ नये. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे, आणि यासाठी वापरलेली भांडी परत स्वयंपाकघरात आणू नयेत. हिरवे क्षार पोटात जाणे हानिकारक आहे. कळकलेले अन्न टाकून देणाऱ्या आपल्या आज्या या बाबतीत रसायनशास्त्राच्या पुढे एक पाऊल होत्या.

रंग देण्याची ही विद्या अन्यत्र किती उंचीला पोचली, याची दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. जपानी कारागीर तांब्यात अत्यल्प सोने मिसळून शाकुडो नावाची मिश्रधातू करीत, आणि शिबुइची या दुसऱ्या मिश्रधातूत चांदी मिसळीत. त्या नावाचाच अर्थ 'चारांतील एक भाग' असा आहे. घडविताना या धातू साध्याच दिसतात. तांब्याच्या क्षारांचे रोकुशो नावाचे द्रावण उकळून त्यात त्या ठेवल्या की शाकुडोवर जांभळट काळी आणि शिबुइचीवर रुपेरी करडी कांती येते. तलवारींची मूठ आणि पाते यांमधील चकत्या या कामाने सजत. १८७६ साली सामान्यतः तलवार बाळगण्यास बंदी झाली, आणि शेकडो वर्षांची कला एकाएकी निराधार झाली. तेव्हा त्या कारागिरांनी आपले हात दागिने, डब्या आणि शोभेच्या वस्तूंकडे वळविले. हत्यार गेले, हात राहिले.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. बिदरी वस्तू मुख्यतः जस्ताच्या असतात, पण त्यात थोडे तांबे मिसळलेले असते, आणि तिचा तो गर्द काळा रंग या तांब्याशिवाय उठत नाही. बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचा लेप देताच जस्त काळे होते, तर जडविलेली चांदी शुभ्रच राहते. हाच नवसागर आपला कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो, तो तांब्याचा कळंक दूर करून त्यावर कथलाचे आवरण चढावे म्हणून. एकच क्षार एका हातात रंग पुसतो आणि दुसऱ्या हातात रंग उठवितो.

रंग चढला, धुतला, सुकला की त्याला थांबवावयाचे असते. दागिना किंचित कोमट करून मधमाशीचे मेण बोटाने चोळावे आणि मऊ कापडाने पुसावे. मेण काही महिन्यांनी झिजते, तेव्हा पुन्हा लावावे. त्वचेला टेकणारी बाजू स्वच्छ व मेणाळलेली ठेवावी, आणि कानाच्या छिद्रातून जाणारी तार चांदीची किंवा सोन्याची असावी. तांब्याच्या अंगठीने बोटावर हिरवट वळे उमटते, ते घामातील क्षारांचे व आम्लांचे काम. साबणाने ते जाते आणि त्यात भिण्यासारखे काही नाही.

मात्र तांब्याचे कडे घातल्याने सांधेदुखी जाते, अशी जी श्रद्धा देशभर आढळते, तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी संधिवाताच्या ७० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांना वेदना, सूज किंवा रोगाची वाढ यांवर तांब्याच्या कड्याचा काहीही उपयुक्त परिणाम आढळला नाही. ज्याला कडे आवडते त्याने ते अवश्य घालावे. पण त्याच्या भरवशावर औषध सोडू नये. आणि कारागिरानेही आपला माल औषध म्हणून विकू नये. त्याचे काम शोभेचे आहे, आणि शोभा हा काही कमी प्रतीचा धंदा नव्हे.

हा विषय केवळ हौसेचा राहत नाही, तो या ठिकाणी. पोलादी भांडी आली, नळाचे गरम पाणी आले, आणि बंब, घंगाळे, हंडा ही घरातून माळ्यावर व माळ्यावरून मोडीत गेली. त्यांच्याबरोबर तांबटाच्या हाताला असलेले काम गेले. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची भांडी घडविण्याची कला २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, हा गौरव खरा. पण यादीने चूल पेटत नाही. तांबटाला घाव किती वजनाने घालावा हे कळते, पत्रा केव्हा थकला हे कळते. नव्याने दागिने करू लागलेल्या तरुण मुलामुलींना रंगांचे प्रयोग माहीत असतात. या दोघांनी एका ऐरणीशी बसण्याची गरज आहे. दागिन्याला हंड्याहून पुष्कळ कमी धातू लागतो, आणि त्याचे मोल वजनावर ठरत नाही, हातावर ठरते.

अशा प्रयोगांत एक वही मात्र अवश्य ठेवावी. द्रावण किती विरळ होते, किती वेळ ठेवले, हवा कोरडी होती की पावसाळी, हे प्रत्येक वेळी टिपून ठेवावे, आणि शेजारी तेवढ्याच पत्र्याचा एक लहान तुकडा रंगवून बांधून ठेवावा. कोकणातील श्रावणात जो हिरवा एका रात्रीत येतो, तो नागपूरच्या वैशाखात तसाच आणि तितक्यात येईलच असे नाही. दोन दागिने अगदी सारखे कधीच होणार नाहीत. तरीही वहीमुळे ते योगायोगाचे न राहता आपल्या हातचे होतात.

पुढील वेळी देवघरातील ताम्हण घासावयास घ्याल, तेव्हा चिंच लावण्यापूर्वी क्षणभर ते उजेडाकडे तिरपे धरून पाहा. काठाशी जांभळट, मध्यावर मधासारखी, कोठे एखादी निळसर अशा छटा तुम्हाला दिसतील. त्यानंतर ते खुशाल घासा. पूजेचे पात्र लख्खच असावे. पण आपण काय पुसून टाकीत आहोत, ते एकदा नीट पाहिलेले बरे.